घोडा, अर्धा भिंतीवर

खजुरी बाजाराच्या पाठीमागे आठ बाय चौदाचं दुकान.
एकट्यानं भाडं कुणालाच झेपत नव्हतं,
सुरुवातीला एवढीच काय ती आमची ओळख.

पहाटे पाचला लोकू केवलरामाणी शटर उचलतो.
डाळ रात्रीच भिजवलेली, पकवान इथेच तळायचे.
दहाला मी. दहा म्हणजे दहा,
कारण त्याच्या तेलाचा डाग माझ्या पुठ्ठ्याला चालत नाही
आणि माझ्या खळीतलं मोरचूद त्याच्या डाळीला.
या दहा वाजण्यावरून दोन महिने भांडलो.
तो हिंदीत, मीही हिंदीतच.
इंदूरच्या मराठी माणसाचं हे जुनं दुखणं,
पाढे मराठीत, नवस मराठीत,
राग मात्र शेजाऱ्याच्या भाषेत.

चारनंतर तसनीम.
क्रोशाची सुई, जरीचा दोरा, पांढऱ्या टोप्या.
ती आली की रेडिओची कळ फिरवावी
तसा दुकानाचा आवाज उतरतो.
कडेचं सोनेरी वळण चालू असताना तिच्याशी बोलायचं नाही.
बोललात, टाका चुकला,
तर ती टोपी तुमच्या नावावर.
माझ्या नावावर सध्या तीन आहेत.

आणि शनिवारी, झाबुआच्या बसनं, रेवली भूरिया.
ती घोडे काढते.
तिच्या गावी भिंतीवर घोडे काढण्याचा मान पुरुषांचा,
म्हणून ती इथे येते, असं एकदाच म्हणाली,
परत विचारलं तर रंग ढवळत बसली.
आमची बाहेरची भिंत तिला अरुंद पडली.
घोडा मागून अर्धा भिंतीवर,
मान आणि पुढचे पाय शटरवर.
शटर वर गेलं की तो
गुंडाळीत तोंड खुपसून दिवसभर उभा.

आम्ही त्याला अख्खा पाहिलाच नव्हता.
जो येई तो दुकान उघडायला येई.

मग नगर निगमची नोटीस.
फॉर्मवर व्यवसायाचा रकाना एक,
आम्ही त्यात चार कोंबले होते, बारीक अक्षरात, माझ्याच हातचे.
शनिवारी दुपारी कुलपावर चिंधी, चिंधीवर लाख.
चौघं रस्त्यावर, चौघांच्या हातात चावी,
आणि समोर तो, नाकापासून शेपटीपर्यंत,
भर उन्हात, निघालेला.
लोकू म्हणाला, अरे भिया, ये तो दौड़ रा है.

सोमवारपर्यंत रेवली तसनीमकडे राहिली.
मोठ्या थाळाभोवती सगळ्यांत बसली,
आधी मिठाची चिमूट का, हे तिनं विचारलं नाही,
घेतली.

झोनच्या ऑफिसात साहेबांनी विचारलं,
दुकान नेमकं कशाचं?
लोकू पुढे झाला आणि शिवणीबद्दल बोलू लागला.
जुनी वही कशी उसवायची, दोऱ्याला मेण का,
हे त्याला कुणी सांगितलं? मी तर नाही.
मग मी टोप्यांचं सांगितलं,
कडेला किती टाके, तोही आकडा तोंडातून निघाला,
तसनीमनं चमकून पाहिलं. आकडा बरोबर होता.
तिनं डाळीत आमचूर कधी पडतं ते सांगितलं.
साहेबांनी चष्मा काढून पुसला
आणि रकान्यात लिहिलं : विविध.

दंड अकराशे. चारानं भागून पावणेतीनशे,
पण रेवली फक्त शनिवारची, म्हणून पुन्हा वाद,
जिन्यापासून राजवाड्यापर्यंत,
या वेळी मी मराठीत भांडले
आणि कुणाला काही अडलं नाही.

सील निघालं. लाखेचा डाग राहिला,
नेमका घोड्याच्या खुरावर, तांबडा.
मी रॉकेलचा बोळा घेऊन गेले,
रेवलीनं मनगट धरलं माझं.
काडीचं टोक पांढऱ्या रंगात बुडवून
डागाभोवती ठिपके देत बसली, एक, एक,
तसनीमसारखीच, मोजत.
आम्ही कुणी बोललो नाही.