कशाचं रिकामं

रात्रीचे सव्वाअकरा. गीताभवन चौकातल्या
तिसऱ्या मजल्यावर एक ओळ अडली आहे.
नळपट्टीच्या यादीत पत्ता सापडला तर तो दे,
नसेल तर रिकामं परत कर,
एवढंच तर सांगितलं होतं.
कंपायलर विचारतो: कशाचं रिकामं?

रत्नपारखी सर खुर्ची फिरवतात.
"अजून काय करून राहिलीस? सांग ना त्याला.
एरवी कळतं आपोआप,
आकडा हातात दिलास की आकडा, नाव दिलंस की नाव.
आपला पोहेवाला बघ,
तोंड उघडलं की ओळखतो, ही रामबागेची,
आणि मराठीतच विचारतो, जीरावन टाकू?
तू मुकाट उभी राहिलीस
तर तो कुठल्या भाषेत विचारणार?"

खरंय.
साखरेचा डबा संपला तरी साखरेचाच असतो,
मुंग्यांना विचारा.
बाबांच्या चष्म्याच्या घरात चष्मा नाही आता,
पण सुपारी ठेवत नाही कुणी त्यात.

दुपारी दवाखान्यात
फॉर्मवर रकाना होता: अपत्ये.
मी कोरा सोडला.
खिडकीतल्या पोराने त्यात शून्य काढलं,
गोल, गरगरीत, निळ्या शाईचं.
म्हटलं, शून्य नाही ते.
"मग किती लिहू मॅडम?"
किती नाही रे.
शून्य म्हणजे मोजून झालं.
कोरं म्हणजे
(मागून कुणीतरी खाकरलं, रांग पुढे सरकली)

नसेल तर.
ज्याच्या त्याच्या खिशात एक नसेल-तर तयार असतो.
नसेल तर भाचा आहेच की, म्हणतात आत्या.
नसेल तर मांजर पाळ, म्हणते खालची उज्ज्वला.
नसेल तर अमेरिकेला जा.
डबा हलवूनसुद्धा पाहिलेला नाही एकीनेही,
आणि वर झाकण लावून मोकळ्या.

हा मठ्ठ कंपायलर तेवढा
शून्य टाकत नाही, भाचा सुचवत नाही.
अडून बसतो,
विचारतो, कशाचं?

लिहिते.
समोरासमोर उघडलेल्या दोन चोचींच्या मध्ये
एक शब्द: पत्ता.
पत्त्याचं रिकामं.
लाल रेघ जाते. पंखा ऐकू यायला लागतो.

सर जिन्यातला दिवा लावून थांबलेत.
"घरी आहे का काही खायला? की सराफ्यात जाऊ?"
असेल, म्हणते मी.
उघडून बघते.