गुरुवारी, भोसरीत

अपडेट सोडलं, आणि मग आठवलं
आज गुरुवार.
सात वर्षं एमआयडीसीत काढून
एवढं लक्षात राहायला हवं होतं.

एकोणसाठ टक्क्यांवर लाइट गेली.
दुपारी आली.
बोर्ड आला नाही.

काळ्या खिडकीत कर्सर लुकलुकतो.
एक लाख पंधरा हजार दोनशेच्या वेगानं
आत येतेय नुसती शांतता.
त्याला आता हेही ठाऊक नाही
की आपण पाण्याच्या पंपाचे कंट्रोलर आहोत.

तांबोळी सरांनी चष्मा कपाळावर सरकवला,
चिमटा मागितला.
"लोडर मेला, तरी चिपच्या तळाशी
कारखान्यात कोरलेल्या चार ओळी असतात.
त्या तुला बिघडवता येत नाहीत,
हे तुझं नशीब."
दोन पिना चिमट्यानं जोडून धरल्या.
"हं, दे पॉवर."

पडद्यावर एक सी.
मग सी सी सी सी,
भुकेलं पोर ताट वाजवतं तसं
फाइल मागत.

मी जुनीच आवृत्ती वाढली, घास घास.
तिच्यातल्या चुका निदान
ओळखीच्या आहेत.

रिले खट्कन वाजला.
सर काही बोलले नाहीत,
कॅलेंडरवरच्या गुरुवारांना
लाल पेनानं गोल करत बसले.

अजून एकतीस बोर्ड.
चिमटा एकच.