जाळ्याला बांधलेला आवाज

तीन वर्षं मी कुणाला सांगितलं नाही.

महाकाम नदी तेव्हा चढलेली होती,
पाणी कोऱ्या चहासारखं,
काठच्या झाडांच्या कमरेपर्यंत.
पहाटे जाळं ओढलं तर जड.
वाटलं, ओंडका असेल.
वरच्या अंगाला लाकूडतोड चालू होती.

ओंडक्याला डोळा नसतो.
मिरीच्या दाण्याएवढा होता.
गोल कपाळ, चोच नाही,
पाठीवर पंख म्हणून नखाएवढं काहीतरी,
आणि तोंडावर ते हसू,
बुडतानाही ज्याला मिटता आलं नव्हतं.

पेसुतचं पिलू.
हवा त्याच्यापासून हातभर वर होती.

मी सुरीनं दोर कापले,
त्याला पाण्यावर ठेवलं, ढकललं.
ते जाईना.
भोवऱ्यात सापडून होडीभोवतीच फिरत राहिलं.
धुक्यात पलीकडे कुणीतरी श्वास सोडला. फुस्स.
थोडं जवळ येऊन, पुन्हा फुस्स.
मी मान वर केली नाही.

घरी रुस्नानीनं विचारलं, जाळं कशानं फाटलं?
म्हटलं, ओंडक्यानं.

आमच्याकडे म्हणतात, पेसुत म्हणजे माणसाचीच पोरं.
उकळती पेज पोटात गेली, अंगाची आग झाली,
नदीत उडी घेतली, ती कायमची.
म्हणून तर डोक्यातून अजून वाफ निघते.
मुलगी ही गोष्ट शाळेतून ऐकून आली
आणि जेवता जेवता म्हणाली,
मग त्यांना घरी कधी बोलवायचं?
माझ्या ताटातला भात निवून गेला.

मग ती मोजणारी बाई आली, वेनिंग नावाची.
महिनाभर होडीच्या टपावर बसून पाठींचे फोटो काढायची.
पंखावरच्या खाचेवरून एकेकाला ओळखायची,
जशी रुस्नानी अंधारात
पायरीच्या करकरीवरून शेजारणीला ओळखते.
मी विचारलं, किती उरलेत?
म्हणाली, तुमच्या मशिदीच्या ओसरीवर
सगळे मावतील.
दाटीसुद्धा होणार नाही.

जाताना तिनं एक पिवळं यंत्र दिलं,
केळ्याएवढं. जाळ्याला बांध म्हणाली.
हे बोलतं. माशाला ऐकू जात नाही, तुलाही जाणार नाही,
पण पेसुत ऐकतो आणि जाळं टाळून जातो.
कानाला लावून पाहिलं. काही नाही.
रुस्नानीनं लावलं. काही नाही.
मुलगी म्हणाली, येतंय की, चिमणीसारखं!
खोटं बोलत असेल. नसेलही.

न ऐकलेल्या आवाजावर मी भरवसा टाकला,
आयुष्यात पहिल्यांदा.
पहिल्यांदा कसा? रोज पाच वेळा
चटई अंथरतोच की.

कोळशाच्या बार्जेस मात्र येतच असतात,
ओढबोटीमागून काळे डोंगर.
त्या जाताना डोहातले पेसुत तळाला जातात,
आणि काठावर आम्ही बोलायचे थांबतो,
कारण बोललेलं पोचत नाही.
त्या डोंगरांना अजून कुणी केळं बांधलेलं नाही.

परवा जाळं टाकून झालं
आणि पाहिलं तर यंत्राचा दिवा विझलेला.
परत ओढावं, तर अंधार, जोराचा प्रवाह, मी एकटा.
मग वल्ह्याचा दांडा होडीच्या काठावर आपटत बसलो.
टक. टक. टक.
एवढ्यानं कुणी घाबरतं का, ठाऊक नाही.
एकदा वाटलं, डावीकडे फुस्स झालं,
आणि दूर गेलं.
सकाळी जाळ्यात दोन बाऊंग, एक रबरी चप्पल.
उजवा हात वर होईना.

रुस्नानी हाताला तेल चोळत होती.
मी म्हटलं, तेव्हा तो ओंडका नव्हता.
तिचा हात थांबला नाही.
ते जाळं मीच शिवलं ना, म्हणाली,
फाटलेलं आणि कापलेलं मला कळतं.

जरा वेळानं म्हणाली,
सेल आणलेस का?