विमान जाऊ दे, मग बोल

आमच्या घरी वाक्यं एका दमात पूर्ण होत नाहीत.
जरीमरीच्या चढावर, शेवटच्या गल्लीत
दर दोन मिनिटांनी कुणीतरी तळहात वर करतं
आणि भांडण, पाढा, भाजीचा हिशेब,
जे चालू असेल ते जागच्या जागी थांबतं.
विमान सरकतं पुढे.
"हं, तर काय सांगत होते मी," आई म्हणते,
आणि तिला ते आठवतं. नेहमी आठवतं.

मी आठवीत असताना नोटीस आली:
पोटमाळ्याचा पत्रा वाटेत येतो, दीड फूट उतरवा.
वाट म्हणजे आभाळातली,
हे कळायला पप्पांनी तीन जणांना विचारलं.
पत्रा उतरला.
पुढचं सगळं शिक्षण मी वाकून केलं.
बीएस्सी, फिजिक्स, वाकून.

अर्ज भरला इम्तियाजच्या सायबरमध्ये.
सहीचा फोटो तीनदा मोठा निघाला, चौथ्यांदा बारीक.
पत्त्याच्या चौकटीत आमची गल्ली मावेना,
'पाण्याच्या टाकीमागे' एवढं कापून टाकलं.
अर्जाच्या माथ्यावर जे नाव होतं
तेच होतं नोटिशीच्या माथ्यावर.
"सबमिट करू?" इम्तियाजनं विचारलं.
थांब, म्हटलं.
वरून एक गेलं.
मग म्हटलं, कर.

लेखी परीक्षेचं सांगण्यासारखं काही नाही.
पास झाले.
मग कुणाकडून तरी एक जुनं पुस्तक मिळालं, त्यात
तीनला ट्री म्हणायचं, पाचला फाइफ, नऊला नाइनर.
प्रज्योतला वाटलं, ताईचं इंग्रजी बिघडलं.
शाळेत याच 'ट्री'साठी मी छडी खाल्ली होती.

आवाजाची चाचणी विलेपार्ल्याला.
बंद खोली, तीन माणसं, झाकण ठेवलेला पाण्याचा ग्लास.
"केदारे मयुरा यशवंत. हा उतारा वाचा."
उतारा धुक्याबद्दल होता.
वाचत गेले आणि चौथ्या ओळीत थांबले.
का, ते मलाही कळलं नाही.
सात-आठ सेकंद. खोलीत एसीखेरीज काही वाजत नव्हतं.
मग जिथे सोडला होता
त्याच शब्दापासून उचलला.

मधल्या बाईंनी चष्मा काढला.
"अडखळता का?"
"नाही मॅडम."
"मग?"
काय सांगणार.
"आमच्याकडे या वेळेला एक जातं."
उजवीकडचे गृहस्थ हसले की खोकले,
अजून ठरवता आलेलं नाही.
बाईंनी काहीतरी लिहिलं, एका शब्दाहून लांब.
"पुढचा परिच्छेद. न थांबता."
वाचला.
तळहात वर येऊ बघत होता,
तो मांडीखाली दाबून वाचला.

मेडिकलला कानाच्या डॉक्टरांनी
आधी पत्ता वाचला,
मग यंत्र दोनदा लावलं.
दोन्हीदा तेच आलं: ऐकू येतं. चांगलं येतं.

यादी मंगळवारी लागली.
पप्पा सहारच्या किचनमधून नुकतेच आलेले,
सकाळपासून विमानातल्या जेवणाचे ट्रे भरून
बोटांना फॉइलचा वास.
(वर जिभेला चव कमी लागते, ते सांगतात,
म्हणून मीठ थोडं जास्त.)
स्वतः कधी वर गेलेले नाहीत.
प्रज्योतनं मोबाईलवर बोट फिरवलं, थांबवलं,
आणि ओरडला, "नाइनर ट्री!"
त्र्याण्णवावा क्रमांक. प्रशिक्षण गोंदियाला.
कुणालाच काही कळलं नाही.

"आई," मी म्हटलं, "माझं—"
तिनं हात वर केला.

खूप खाली आलेलं, चाकं सोडलेली.
मांडणीतल्या डब्यांची झाकणं वाजली.
पप्पा पत्र्याकडे बघत होते,
दीड फूट वर, जिथे आता पत्रा नाही तिथे.
मी मनातल्या मनात मोजत होते,
मागचं किती लांब आहे, किती वेळ मिळेल,
तेवढ्यात गोंदिया सांगून होईल का,
की नुसतं 'झालं' म्हणावं.

आवाज धावपट्टीकडे उतरत गेला.
शेवटचं झाकण थांबलं.
"हं," आई म्हणाली, "तुझं काय?"