ओलावा

अकरा वर्षं मी कापसातलं पाणी मोजलं.
पुण्यात, बारमाही बावीस अंशांच्या खोलीत,
दोन पत्र्यांमधून सूक्ष्मलहरी सोडत.
पेटंटवर सहा नावं, माझं चौथं.
हक्क कंपनीचा, एक रुपयात.

मारेगावच्या जिनिंगात मीटर बसवायला आले तेव्हा
दसरू नैताम ढिगाशी उकिडवा होता.
रुईतली सरकी काढून
त्यानं दाताखाली धरली.
कट्.
"नऊच्या खाली हाये, मॅडम."

माझ्या पडद्यावर ८.७.
नमुना बदलला. ८.७.

पुढच्या गाडीची सरकी वाजलीच नाही.
तो थुंकला. "बारा.
पहाटंची वेचणी, दहिवर हाये त्यात."
१२.१.

मी विचारलं, किती वर्षं करता हे?
तो हसला, तोंड उघडून दाखवलं:
"खालचे दोनच राह्यले.
म्हनूनच मालकानं मशीन आनली असंन."

अहवालात लिहिलं, चाचणी समाधानकारक.
तुलनेची पद्धत: ओव्हन.
तिथे ओव्हनच लिहायचं असतं.

वणीहून परतताना यष्टीत
खिशातली एक सरकी काढून मी चावली.
आवाज आला.

किती,
ते कळलं नाही.