दुरुस्ती

व्होल्टा तलावाच्या पोटात एक जंगल उभं आहे,
धरण बांधलं तेव्हा तोडायचं राहून गेलेलं.
त्यातल्या एका खोडाला मंगळवारी
क्राचीच्या बाजाराची होडी थटली.
कोनफळांची पोती, दोन शेळ्या, एक शिवणयंत्र,
आणि माणसं.

मी अक्र्यात रात्रपाळीला होते.
ओपोंगसाहेबांनी मान वर न करता विचारलं, किती?
सतरा.
मागच्या वेळी?
एकोणतीस.
मग आत घे. पान सात, चार ओळी.
पहिल्या पानावर मंत्र्याच्या मेहुण्याची मोटार होती,
रिकामी, उभ्या उभ्या जळालेली.
फोटो मात्र झकास.

टीव्हीवाल्यांना पाणी हवं होतं, हलतं.
मिळेना, म्हणून तीन वर्षांपूर्वीचं लावलं, दुसऱ्याच तलावाचं.
लंडनहून एका बाईंचा फोन आला, आवाज फार मायाळू:
परदेशी कुणी होतं का हो?
नव्हतं.
अरेरे, म्हणाल्या,
आणि ते नेमकं कशाबद्दल
हे मला आजही सांगता येणार नाही.
फोनांतून फोनांत एक चप्पल फिरत होती,
चिखलात रुतलेली, निळी, लहान.
पहाटेपर्यंत आठ लाख लोकांनी ती पाहिली.
खाली तीन देशांची नावं होती.
आमचं नव्हतं.

क्राचीत सेन्यो आग्बेको
रोजच्यासारखा सकाळी सहाला माइकपुढे बसला.
पत्र्याची खोली, वर अँटेना, दारात कोंबड्या.
आधी त्यानं फेरीबोटीची वेळ सांगितली,
मग हरवलेली तांबडी शेळी, डाव्या कानाला चीर,
मग नावं.
माणसाचं नाव, बापाचं नाव, आळी,
आणि मध्ये एवढी शांतता
की ऐकणाऱ्याला चुलीवरचं उतरवून
भिंतीला टेकता यावं.
सतरावं नाव डोत्से, जाळी विणणारा.

गुरुवारी डोत्से स्टेशनच्या दारात.
रात्रभर खोडाला मिठी, मग कुठल्याशा बेटावर ताप;
पोटऱ्या सोललेल्या, अंगात दुसऱ्याचा सदरा.
म्हणाला, काल माझं नाव वाचलंत.
आईनं ऐकलं.
आता परत वाचा.

सेन्योनं चालू गाणं मध्येच तोडलं.

त्याच रात्री मी दोन ओळींची दुरुस्ती लिहून नेली.
ओपोंगसाहेब हसले. वाईट माणूस नव्हेत, थकलेले.
एक माणूस मेला नाही, म्हणाले,
याची बातमी कशी होईल?
तसा काल मीही मेलो नाही.
आणि चष्मा पुसत बसले, बराच वेळ.

म्हणून पान सातवर, तारेवर, लंडनच्या कुठल्याशा तक्त्यात
अजून सतराच आहेत.
डोत्से जाळी विणतो,
जगाच्या हिशेबात बुडालेला.
फक्त पंचवीस मैलांच्या आत,
सेन्योचा आवाज पोचतो तिथवर,
जिवंत.