त्याच्या आधी

अक्कलकोट रोड, एमआयडीसी, पत्र्याचं शेड.
एप्रिल. बाहेर त्रेचाळीस, आत कोण मोजतंय.
मागांच्या खडखडाटात खुर्चीवर मांडी घालून
मी एक लायब्ररी आत घेतेय.
ती चित्र बघते, म्हणजे आकडे बघते,
टॉवेलात धागा कुठं तुटला ते सांगेल,
असं मी दुधनीकर मालकांना सांगून बसलेय.

तिला आधी जेपेग हवी.
जेपेगच्या आधी कंपायलर.
पीएनजी म्हणते, झेडलिब कुठाय?
झेडलिब आहे, पण जुनी. जुनीला काढावं
तर तिच्यावर प्रिंटर उभा,
प्रिंटरवर चलन,
चलनावर आज संध्याकाळचा ट्रक.

ऑफिसातला विंडोज
चाळीस ओळी लाल ओकतो,
शेवटी एवढंच, की सापडलं नाही.
काय सापडलं नाही, ते सदतिसाव्या ओळीत.
त्याला रस्ता दाखवला. बंद करून उघडला.
रस्ता विसरला.
शेडमधला लिनक्स, तीन भंगार मशिनी फोडून मीच जोडलेला,
एका ओळीत हो म्हणाला.
मी संशयानं पुन्हा विचारलं.
मालकांच्या श्रीशैलचा मॅक चकचकीत,
पण आणलं एका चिपचं आणि तो मागतो दुसऱ्या चिपचं.
आमच्या गल्लीत एक जण तेलुगूत विचारतो,
दुसरा कन्नडमध्ये सांगतो, तिसरा मराठीत भांडतो,
कुणाचं अडत नाही.
नळ चार दिवसाआड, तेवढंच अडतं.

अकराला लाईट गेली.
माग थांबले, आणि शांतता अशी आली
की कान दुखले.
नरसय्या वंगारी जॉबर घाम पुसत आले,
"काय करालीस गं, सकाळधरनं?"
मी सांगितलं: हिला ती लागते,
तिला तिसरी, तिसरीला अमुकच वयाची चौथी.
एक नसली तर चित्र उघडत नाही.
ते हसले. "उघडतंय की.
चादरीच्या कारखान्यात पत्ते ओवायचो मी, जॅकार्डचे.
मोराच्या मानेचा पत्ता उंदरानं खाल्ला.
आठ महिने बिनमानेचा मोर विकला मालकानं.
एक चादर परत आली नाही."

लाईट आली. तोवर तारही आलेली गेली होती.
मी पुन्हा पहिल्यापासून.
लायब्ररीला वेगळी खोली बांधून दिली,
तिची जेपेग तिच्याजवळ, प्रिंटरची प्रिंटरजवळ,
चुली वेगळ्या, छप्पर एक.
पावणेसहाला नाव घेऊन हाक मारली.
काहीच म्हणाली नाही.
यालाच झालं म्हणतात.
मी तरी दोन मिनिटं तशीच बसले,
कडक भाकरीचा तुकडा मोडून, शेंगाचटणी लावून.

पहिला टॉवेल राजमणीअक्कांच्या टेबलावरचा.
फोटो काढला, दिला.
किनारीपासून चार बोटं आत
एक लाल चौकट आली.
मी ओरडले. अक्का आल्या, नरसय्या आले,
चष्मा कपाळावर सरकवून वाकले.
बराच वेळ बोलले नाहीत.
मग म्हणाले, "ही चूक नाय. ही गाठ हाय माझी.
धागा तुटला, म्या सांधला, फणीतनं बघ कशी गेली."
अक्कांनी तळहात फिरवला. हाताला लागत नव्हती.

विंडोजवर बघितलं. लिनक्सवर. मॅकवर.
दिवसभर ज्यासाठी झगडले ते झालं होतं:
तिन्हीकडं तीच चौकट,
तिन्हीकडं नरसय्यांची गाठ चुकीची,
एका ठिपक्याचाही फरक नाही.

गाठ आणि तूट यातला फरक हिला शिकवावा लागेल,
मी म्हटलं, पण त्याच्या आधी
गाठी लागतील. चांगल्या. पाचेकशे तरी.

माग सुरूच होते.
नरसय्यांनी रिकामं खोकं पालथं घातलं, त्यावर बसले,
बॉबिनवरनं हातभर सूत ओढलं,
मुद्दाम तोडलं.
"मोज," म्हणाले.